सात सूत, चौदा आटे

स्प्रिंगफील्ड लेक्स, ब्रिस्बेन
१९ जून २०२१

प्रिय बाबा,

नमस्कार पत्राच्या शेवटी घालीन, आधी भांडून घेते. फोनवर भांडता येत नाही, कारण फोन हृषीदादाच्या हातात असतो आणि माझा आवाज जरा चढला की नेमकं त्याचं नेटवर्क जातं. पत्र मात्र तुम्ही स्वतः वाचाल. चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा. मध्येच आईकडे देऊ नका, तीही तुम्हाला सामील आहे.

तुमची रिंग मंगळवारी पोचली. मार्चमध्ये पोस्टात टाकलेली, जूनमध्ये माझ्या हातात. बसली की नाही ते पुढे सांगते. आधी इथल्या बंदुकांच्या दुकानदाराबद्दल ऐका, कारण त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. गेल्या वर्षी लॉकडाऊन लागला, दुकानं बंद झाली, आणि उघडली तेव्हा काडतुसं गायब. म्हणून आमच्या शूटिंग क्लबात बरेच जण वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरायला लागले. त्याला एक हातानं ओढायचा प्रेस लागतो आणि त्यात आट्यांनी बसणाऱ्या डाय, ज्या पुंगळी परत मापात आणतात. प्रेस मी क्लबातल्या एका म्हाताऱ्याकडून जुना घेतला, हिरव्या रंगाचा. डाय मिळाल्या दुसऱ्याच कंपनीच्या, लाल डब्यातल्या. दुकानदाराला दहादा विचारलं की या त्यात बसतील ना. तर म्हणे, नो वरीज लव्ह, सगळ्या कंपन्यांचे आटे एकच. वर विचारतो, नवऱ्यासाठी नेतेस का? अस्सा संताप झाला! चार वर्षं मी क्लबात तीनशे मीटरवर नेम धरतेय, आणि शैलेंद्रला दिवाळीत साधा लवंगी फटाका सोसत नाही.

घरी येऊन डाय प्रेसमध्ये घातली तर आरपार निघून धाडकन फरशीवर. डायचे आटे सगळ्यांचे एकच, ते खरं. पण या प्रेसचं भोक मोठं असतं आणि मध्ये आतून-बाहेरून आटे असलेली रिंग लागते, हे त्या शहाण्यानं सांगितलंच नाही. म्हाताऱ्यानं आपली रिंग शेडमध्ये कुठेतरी हरवलेली. मी तरातरा दुकानात परत गेले, तर म्हणतो, रिंगचं तू विचारलंच नव्हतंस. म्हणजे चूक माझीच! नवी रिंग अमेरिकेहून येणार, कधी ते देव जाणे.

म्हणून जानेवारीत तुम्हाला सांगितलं. बाहेरून दहा सूत, म्हणजे सव्वा इंच, आणि इंचाला बारा आटे. आतून सात सूत, चौदा आटे. केवढे खूश झालात तुम्ही! रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी काम सांगितलं म्हणालात. भोसरीला मुरलीधरकाकांच्या शेडमध्ये स्वतः लेथवर उभा राहून काढतो म्हणालात. आणि मार्चमध्ये सांगितलंत, मीच काढली, एका दमात, फर्स्ट क्लास. बाबा, तुम्ही माझ्याशी चक्क खोटं बोललात.

रिंग बसली हो. हातानं फिरवली तशी शेवटच्या आट्यापर्यंत गेली, आत डाय बसली, तसूभर हलत नाही. पण तुमचं काम मला ओळखता येणार नाही असं वाटलं का तुम्हाला? शाळेत असताना दर रविवारी त्याच शेडमध्ये तुमच्या पायाशी बसून लोखंडाचा कीस गोळा केलाय मी. तुम्ही आट्यांना जन्मात कधी पॉलिश पेपर लावला नाहीत. जॉब चमकायला नको, बसायला पाहिजे, हे तुम्हीच म्हणायचात. ही रिंग आरशासारखी चकाकतेय. कडाही रुंद मारल्यात, काकांच्या पद्धतीच्या. काकांचं काम चांगलंच असतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण तिच्यावर तुमचा कंपनीतला टोकन नंबर ठोकलाय. ७१२. ज्याचा जॉब त्याचा नंबर, ही तुमच्या टूलरूमची रीत. साहेबाच्या भाच्याच्या जॉबवर तुमचा नंबर मारायला सांगितला तर तुम्ही सरळ नाही म्हणालात आणि प्रमोशन घालवलंत. आईनं आठ दिवस अबोला धरला होता. तेच तुम्ही आता दुसऱ्याच्या जॉबवर स्वतःचा नंबर ठोकता? मी इतकी चिडले की शैलेंद्र म्हणाला, अगं, बसलीय ना, मग झालं तर.

मग चिडूनच पुन्हा भिंग घेऊन बसले. सात तिरका पडलाय. एक अर्धाच उमटलाय. दोनावर हातोडी दोनदा बसलीय. काकांनी मारला असता तर सरळ आला असता. हा तुम्हीच मारलाय, डाव्या हातानं.

फेब्रुवारीपासून व्हिडिओवर तुमचा नुसता चेहरा दिसतो. चहाचा कप डाव्या हातात. दादा म्हणाला खांदा आखडलाय. शब्द घसरतात ते म्हणे नव्या कवळीमुळे. काल काकांना फोन केला. रागावूनच केला होता, पण ते रडायलाच लागले. बाबा, तुमची उजवी बाजू गेली आणि चार महिने मला कुणी सांगितलं नाही! मी दर रविवारी रिंगची घाई करत होते, आणि तुम्ही हॉस्पिटलच्या कॉटवरून होतेय, होतेय म्हणत होतात. विमानं बंद, ती येऊ शकणार नाही, मग सांगून काय उपयोग, असं तिघांनी ठरवलंत ना? लाज नाही वाटली? येता आलं नसतं, पण रोज विचारता तरी आलं असतं. त्या मेल्या रिंगचं नावसुद्धा काढलं नसतं मी.

आता हे पत्र कशासाठी ते ऐका. याचं उत्तर तुम्ही लिहायचं. दादाला सांगून नाही, आईकडून लिहून घेऊन नाही, डाव्या हातानं. अक्षर कसंही येऊ दे, ओळ कुठेही जाऊ दे, दोनच शब्द लिहा, महिना लागला तरी लागू दे. आणि खाली ७१२ टाका. तो जॉब तुमचा असेल.

आता दोघांना नमस्कार.

तुमचीच, अजून रागातच असलेली,
नीरजा