तिसरा फाऊल

बर्विन, इलिनॉय
१४ नोव्हेंबर १९९८

प्रिय वेंडल,

तू बरा असशील असं धरून चालतो. माझं म्हणशील तर डावा गुडघा सोडून बाकी सगळं जागेवर आहे. ब्लँचने खसखशीचे कोलाचे केलेत, तिचे ते गोड पाव, तुझी आठवणही काढली, पण टपालाने पाठवायला ती तयार नाही. टपालवाले वाटेत खातात असं तिचं ठाम मत आहे, आणि तिच्याशी वाद घालायची माझी सध्या हिंमत नाही.

तुला फोन करावा म्हणून दोनदा रिसीव्हर उचलला आणि ठेवून दिला. म्हणून हे पत्र. अक्षर लागलं नाही तर चष्मा पूस.

परवा बसल्या बसल्या जॉन्स्टन सिटीची ती पूलची स्पर्धा आठवली. लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसलेली माणसं, टाय लावून खेळणारे ते सगळे नग, आणि आपण दोघं तुझ्या प्लिमथ गाडीतून पोचलेले, चिखलाने भरलेल्या बुटांसकट. तो टेनेसीचा लांब्या डेलरॉय आठवतो? पांढरा बॉल तीन कडांना लावून परत आणायचा होता, आणि मारल्यावर गडी पुढच्या बाकावरच्या लोकांना म्हणतो, "पाय आवरा मंडळी, याला अजून घरी यायचंय." बॉल फिरून आला, एका नंबरच्या बॉलला हलकेच टेकला आणि तो पॉकेटमध्ये गेला. तेव्हा तू माझा दंड इतका आवळला होतास की निळा पडला होता. काय दिवस होते ते!

आणि सेंट लुईसचा तुझा उपांत्य सामना. अजून लोक त्याबद्दल बोलतात. आठ नंबरच्या बॉलाआडून मारलेला तो शॉट मी आयुष्यात दुसऱ्या कुणाकडून पाहिला नाही. पॉकेटमध्ये बॉल पडला, लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, आणि तू सरळ उभा राहून म्हणालास, "माझी बाही आठाला लागली. फाऊल." कुणी पाहिलं नव्हतं. समोरचा तर खुर्चीत बसून नाक शिंकरत होता. तू खुर्चीवर जाऊन बसलास, त्याने उरलेले सगळे बॉल घालून टेबल साफ केलं आणि तू हरलास. परतताना मी स्प्रिंगफील्ड येईपर्यंत तुला शिव्या घातल्या. मूर्ख म्हणालो, साधू म्हणालो, अजून काय काय म्हणालो. तू गाडी चालवत एवढंच म्हणालास, "मला कळलं होतं ना, लॅडी."

हे सगळं मी का लिहितोय ते तुला कळत नसेल. मलाही मुद्द्यावर यायचं नाहीये, खरं सांगतो.

गेल्या आठवड्यात तुझ्या नॅडीनचा फोन आला होता. तू गाडीच्या किल्ल्या स्वतःहून तिच्या हवाली केल्यास, घर विकायला काढलंस, नाताळच्या आधी तिच्याकडे टूसानला जाणार आहेस, सगळं सांगितलं तिने. पोरगी रडत होती. म्हणाली, बाबांनी स्वतःच डॉक्टरांची वेळ घेतली आणि तिथे जाऊन सांगितलं, माझं डोकं जायला लागलंय, माझ्या वडिलांचं गेलं तसंच. तुझ्या वडिलांचं शेवटचं वर्ष मी पाहिलंय, वेंडल. तुला कोण म्हणून विचारायचे ते. तुला कशाची भीती वाटते ते मला सांगायला नको.

मग तिने विचारलं, "लॅडी काका, रॉकफर्डच्या आधी तुम्हाला कधी जाणवलं होतं का?"

मी म्हणालो, "थोडंसं. हो."

आता रॉकफर्डच्या त्या स्पर्धेबद्दल लिहितो. मध्येच उठलो होतो, चहा करायला. ब्लँच स्वयंपाकघरात होती. तिने माझ्याकडे बघितलं, म्हणून चहा न करताच परत येऊन बसलो.

त्या दिवशी सकाळी फायनलच्या आधी आपण सगळी म्हातारी मंडळी पॅनकेक खात बसलो होतो आणि जुन्या शॉटच्या गप्पा रंगल्या होत्या. तुझा सेंट लुईसचा, तुझा डिट्रॉइटचा, तुझा तो एका हाताने मारलेला. मी सगळ्यांबरोबर हसत होतो, सिरप पुढे सरकवत होतो. तूच मध्ये म्हणालास, "अरे, लॅडीचा पिओरियातला तो कडेवरचा विसरलात का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच आठवत नव्हता. कुणीतरी म्हणालं, "लॅडी पिओरियाला खेळला होता?" तू माझी बाजू घेतलीस तेच मला जास्त लागलं. पस्तीस वर्षं मी तुझ्याबरोबर गाडीतून फिरलो, पण लोकांच्या लेखी मी फक्त वेंडलच्या शेजारी बसणारा. हे मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतोय, पण सबब म्हणून नाही.

आपली दोघांची फायनल आठ-आठ झाली. शेवटचा डाव. टेबलाशी पंच नव्हता, आपल्या वयाच्या लोकांना कशाला हवा. पांढरा बॉल सगळ्यात लहान नंबरला आधी लागला नाही की फाऊल, हे आपण आपापलं सांगत होतो. बॉल एकमेकांना चिकटून बसलेले, साफ करायला वाट नव्हती, म्हणून मी पांढरा दुसऱ्या बॉलांच्या आड लपवला, तुला सरळ मारता येऊ नये म्हणून. तुझा हुकला. मी परत लपवला. परत हुकला. लागोपाठ दोन फाऊल झाले.

आता तिसरा झाला तर डाव जातो, म्हणून समोरच्याने आधी बजावून सांगायचं असतं, "तुझे दोन झालेत." सांगितलं नाही तर तिसरा धरत नाहीत. माणूस सावध झाला की मारायची तऱ्हा बदलतो, जोखीम घेत नाही, नुसता टेकवतो. म्हणूनच तर तो नियम आहे. पोरंसोरंसुद्धा पाळतात.

मी सांगितलं नाही.

विसरलो असं लिहावं असं फार वाटतंय. पांढरा तिसऱ्यांदा लपवेपर्यंत खरंच विसरलो होतो. पण तू वाकायच्या आधी मला आठवलं. ओठावर आलं होतं. ब्लँच तिसऱ्या रांगेत बसली होती, लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बघायला आलेली. मी क्यूच्या टोकाला खडू घासत राहिलो. तू बेधडक दोन कडांवरून मारलास, सुंदर मारलास, आणि केसभराने हुकलास.

मी म्हणालो, "तिसरा."

तू म्हणालास, "दोन झालेत ते सांगितलं होतंस का?"

तेव्हासुद्धा वेळ गेलेली नव्हती. नुसतं नाही म्हटलं असतं तर तू हसला असतास आणि खेळ पुढे चालला असता. मी म्हणालो, "सांगितलं की. तू मान हलवलीस."

ती मान हलवल्याची गोष्ट माझ्या तोंडून कुठून आली, देव जाणे. नुसतं सांगितलं म्हटलं असतं तर तू ऐकू आलं नाही म्हणाला असतास. पण मान हलवलीस म्हटल्यावर तू माझ्याकडे बघतच राहिलास. मला वाटलं, आता हा मला खोटारडा म्हणणार. ते तुझ्या मनातही आलं नाही. तू स्वतःला खोटं ठरवलंस. "असेल," म्हणालास, आणि माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलंस. बाहेर पार्किंगमध्ये तू ब्लँचला हळूच विचारलंस, मी खरंच मान हलवली का. ती म्हणाली, तिथून काही ऐकू येत नव्हतं, दिसतही नव्हतं. मी दहा पावलांवर ढाल गाडीत ठेवत होतो. ऐकत होतो.

मी तेव्हा स्वतःला म्हणालो, एका म्हाताऱ्याचा एक डाव, त्यात काय. त्या एका वाक्यावर तू गाडी सोडशील, घर सोडशील, तुझी इर्मा जिथे पुरली आहे ते गाव सोडशील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण नॅडीनने विचारलं तेव्हा तर सगळं समोर होतं, आणि तरी मी हो म्हणालो. रॉकफर्डचं एकवेळ समजून घेता येईल. हे दुसरं मलाच समजून घेता येत नाही. लाज वाटते रे. जेवण जात नाही.

ब्लँचला रविवारी सांगितलं. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. दोन दिवस ताट पुढे ठेवायची आणि खोलीत निघून जायची. मग म्हणाली, "मला काय सांगतोस? त्याला सांग." रॉकफर्डवाल्यांना मी कळवलंय, विजेत्याचं नाव बदलतील ते. ते सोपं होतं. नॅडीनलाही आज याच टपालाने लिहितोय, की मी तिच्याशी खोटं बोललो आणि मला त्याआधी काहीच जाणवलं नव्हतं, कारण जाणवण्यासारखं काही नव्हतंच.

घराच्या कागदावर सही करू नकोस, एवढं माझं ऐक. अजून काही करू नकोस. हे पत्र त्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांना पूर्ण वाचू दे, माझ्या नावासकट.

पुढच्या शनिवारी मी तुझ्याकडे डेकेटरला येतोय. माफ कर म्हणायला तोंड नाही, पण म्हणणार आहे. दार उघडलं नाहीस तर थोडा वेळ गाडीत बसेन आणि परत जाईन. त्याचं मला वाईट वाटलं तरी तू वाटून घेऊ नकोस.

तू मान हलवली नव्हतीस, वेंडल. तू काहीही विसरला नव्हतास.

लॅडी