दारापाशी बसलेली आत्या

१३ सप्टेंबर १९८३, मंगळवार

विहारात शंभर माणसांपुढे वंदना घेताना न कापणारा माझा आवाज साहेबांच्या केबिनमध्ये कुठे जातो? खरंच सांगता येत नाही. महापेच्या आमच्या कारखान्यात पॅकिंगच्या बायकांच्या संडासाला महिनाभर कडी नाही. एक आत गेली की दुसरी दार धरून उभी. ऑफिसात बाई मी एकटीच, म्हणून साहेबांना सांगायचं काम माझ्याकडे. दोनदा केबिनमध्ये गेले आणि नुसत्या कागदांवर साहेबांच्या सह्या घेऊन परत आले.

"बीए झालीस ना गं, मंग तिथं मुकी कशाला होतेस?" पॅकिंगची पारूबाई काल हसत म्हणाली. पण लागलं.

तेव्हापासून गावचा विहार आठवतोय. मी नववीत असताना तिथं वंदना घ्यायला लागले. आमचे आप्पा म्हणायचे, "पुढच्यांकडे बघू नको, बाय. दारापाशी सखूआत्या बसलीय, तिला कमी ऐकू येतं. तिला सांग." मी आत्यासाठी म्हणायचे, आणि तिचे ओठ हलले की पुढची ओळ. किती सोपं होतं. आत्या आता नाही.

आज दुपारी केबिनचं दार उघडंच ठेवलं. बाहेर पारूबाईला उभं केलं, आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात साहेबांना कडीचं सांगून आले.