सकीनाबाईंचा शनिवार

३ जुलै १९७१, शनिवार

नवी बाई आली एकदाची! सकीना नाव. मूळची नगर शहरातली. राजूरपासून चिखल तुडवत आली, पातळ गुडघ्यापर्यंत लाल. वय बावीस-तेवीस असेल. हेडमास्तर राधाकृष्ण गुरुजी म्हणाले, "लंकाबाई, कुठले वर्ग देऊ यांना?" मीच म्हटलं, पहिली-तिसरी द्या. तिसरीत माझी चांगुणा आहे. आपल्या पोरीला आपणच शिकवलं की गाव म्हणतं, आईनं मार्क वाढवले. दुसरी-चौथी माझ्याकडेच.

बाई दिसायला बरी आहे. अक्षर मात्र फार सुरेख! फळ्यावर तारीख घातली तर गुरुजी दोन मिनिटं बघत उभे राहिले. बारा वर्षं मी तारीख घालतेय त्याच फळ्यावर.

१० जुलै, शनिवार

सकाळची शाळा. चौथीचं शुद्धलेखन घेतलं. दहा शब्द – पाणी, लोणी, वेणी, दाणे, पाहुणे वगैरे. तेवीस मुलांत सतरा जणांचं 'पानी' आणि 'लोनी'. प्रत्येक चूक वीस-वीस वेळा लिहून आणायला सांगितली. तोंडं एवढीशी झाली. होऊ देत.

मला ट्रेनिंग कॉलेजचा पहिला दिवस आठवतो. सुप्याच्या बाजूच्या खेड्यातली मी. उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, पानी प्यायला जाऊ?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. आठ दिवस खोलीत आरशापुढे जीभ उलटी करून ण, ण, ण करत बसले होते. या पोरांना उद्या कुणी हसू नये एवढंच माझं म्हणणं. त्यात काय चुकलं माझं?

मधे नुसती कुडाची भिंत. पलीकडे तिसरी सारखी हसत होती. शुद्धलेखनाला कोण हसतं!

१२ जुलै, सोमवार

चांगूकडून कळलं. नव्या बाईंनी एक पत्र्याचा डबा ठेवलाय. आठवडाभर घरात, शेतावर, पाणवठ्यावर जो शब्द कानावर पडेल आणि आवडेल तो चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. शनिवारी चिठ्ठ्या काढायच्या. शब्द कोण बोललं, कधी बोललं ते सांगायचं. मग त्यावर चार ओळी लिहायच्या. 'न्हाई' म्हटलेलं चालतं. 'व्हय' चालतं. 'लई' तर पळतं! पुस्तकातला शब्द बाई नंतर शेजारी लिहून देतात म्हणे.

म्हटलं, आणि शुद्धलेखन?

"ते पण घेतात ना. पण शेवटी."

शेवटी! जेवण झाल्यावर हात धुतात तसं.

१७ जुलै, शनिवार

आज राहीची चिठ्ठी निघाली. राही म्हणजे वरच्या वाडीची, नाक सदा गळत असतं ती. शब्द काय, तर 'कोरड्यास'. सकीनाबाई विचारते, "कालवण तर पातळ असतं. मग त्याला कोरड्यास का म्हणायचं?" झालं! सगळी तिसरी भांडायला उठली. शेवटी राहीच म्हणाली, "बाई, भाकर कोरडी आसती ना, तिच्यासाठी म्हनून." राही! वर्षभरात माझ्यापुढे जिनं तोंड उघडलं नव्हतं ती!

सगळं ऐकू येतं कुडातून. माझी दोन पोरं भिंतीला कान लावून बसलेली दिसली. दोघांना उभं केलं. नंतर लक्षात आलं, मीसुद्धा केव्हाची खडू हातात धरून गप्प उभी होते.

२४ जुलै, शनिवार

चौथीची मुलं विचारतात, "बाई, आपला डबा कधी?" आपल्याकडे डबा नाही, म्हटलं. वह्या काढा.

३१ जुलै, शनिवार

शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे आली. "ताई, तुमच्या सुप्याकडे कोरड्यासच म्हणतात की दुसरं काही? मला सांगा ना. आमच्या घरी निराळीच बोली. मराठी मी शाळेत शिकले, त्यामुळे हे शब्द मला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत."

मी म्हटलं, "आम्ही घरात शुद्ध बोलतो."

खोटं! आई – माझी आई छबूबाई – जन्मात कधी ण बोलली नाही. दहा शब्द तिथल्या तिथे सांगता आले असते मला. पण का सांगू? तिचा डबा मी का भरू? जा, तुझं तू शोध.

"बरं ताई," म्हणून गेली. रागावली पण नाही मेली.

८ ऑगस्ट, रविवार

आज जेवताना 'बाई म्हणाल्या' अकरा वेळा. मी मोजलं. बाई म्हणाल्या ढग भंडारदऱ्याकडून येतात. बाई म्हणाल्या माझं 'ळ' छान येतं. 'ळ' कुणी शिकवला गं तुला? हात धरून पाटीवर कुणी गिरवून घेतला? हे गेले तेव्हा पाच वर्षांची होतीस, रात्रंदिवस मला चिकटून असायचीस. तेव्हा कुठे होत्या तुझ्या बाई?

जेवण झाल्यावर लाडात आली. "आई, तू लहानपणी कशी बोलायचीस? एक शब्द दे ना डब्यासाठी."

मी म्हटलं, आधी शुद्ध बोलायला शीक. गेली मग राहीच्या आजीकडे. तिकडून मागून आणला शब्द. कुठला ते मला सांगितलं नाही.

९ ऑगस्ट

वेणी सुद्धा हल्ली सकीनाबाईसारखी हवी. सैल. मी करकचून घातली.

१४ ऑगस्ट, शनिवार

उद्याच्या झेंडावंदनाचं भाषण चांगूकडून बसवून घ्यायचं म्हणून मी चार दिवस घोकून घेतलं होतं. आज गुरुजींपुढे तालीम. दोन वाक्यं झाली आणि अडली. माझ्याकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं. ती नुसती हसली, मान हलवली. आणि पोरगी घडाघडा बोलत सुटली! गुरुजी म्हणाले, "सकीनाबाई, छान तयारी केलीत."

तिनं सांगितलं, तयारी लंकाबाईंची आहे म्हणून. सांगितलं, खोटं कशाला लिहू. त्यानं तर आणखीच आग झाली अंगाची.

२१ ऑगस्ट, शनिवार

आज जे झालं ते लिहवत नाही. तरी लिहिते.

तिसरीत गलका चालला होता. त्यात चांगूचा आवाज – "आई, माझी चिठ्ठी काढा ना!" आधी मला वाटलं मला हाक मारली. मी उठले सुद्धा. मग पोरं हसली. "बाईला आई म्हनली! बाईला आई म्हनली!"

सकीनाबाई म्हणाली, "असू दे. होतं असं."

होतं असं? कसं होतं? शाळेत मला 'बाई' म्हणायचं हे मीच शिकवलं तिला, पहिलीपासून. कधी चुकली नाही. मला म्हणताना तीन वर्षांत एकदाही जीभ घसरली नाही, आणि तिला म्हणताना महिन्या-दीड महिन्यात घसरली.

संध्याकाळी विचारलं, तर म्हणाली, "चुकून गेलं तोंडातून." आणि हसली. मी तिच्याशी बोलले नाही. आठ वर्षांच्या लेकराशी अबोला धरून बसले! माझी मलाच लाज वाटते, पण राग काही जात नाही.

२२ ऑगस्ट, रविवार

लिहिला अर्ज. शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांच्या नावे. गाव अजून त्यांना दिपोटीच म्हणतं. खाली सही – एक पालक.

चांगू ओढ्यावर पोरींबरोबर गेली होती. दार लावून बसले. अक्षर कळू नये म्हणून डाव्या हातानं. बाई आहे हे कळू नये म्हणून बाप होऊन. आणि मास्तरीण आहे हे कळू नये म्हणून गावंढळ भाषेत, मुद्दाम चुका करून. म्हटलं, चुका करायला काय कठीण!

सुरुवात ठरवल्याप्रमाणे झाली. तिसरीच्या बाई लेखन घेत न्हाईत, पोरास्नी अशुद्ध शिकिवत्यात, तेंची बदली व्हावी. तेवढंच लिहायचं होतं. पण हात थांबेना. इथे उतरवून ठेवते –

"साहेब, माजी पोर साळंतनं रोज येती पन घरला येतच न्हाई. आंग हितं आन जीव तितं. मी भाकर थापती, ती तव्याकडं बगती, माज्याकडं न्हाई. काय इचारलं तर व्हय-न्हाई येवढंच. माज्या काळजाला घरं पडत्यात. कुनाला सांगू? लोक म्हंतील येडी झाली. पन मला ती येकच हाय."

बाप म्हणून लिहायला बसले आणि भाकरी थापत बसले! पाठपोट कागद भरला. डावा हात भरून आला. वाचला तर हसायला आलं, मग रडायला आलं. दुसरा लिहायला हवा होता. नाही लिहिला. उद्या बाजाराला राजूरला जायचंच आहे, तिथल्या पेटीत टाकेन.

२३ ऑगस्ट

टाकला.

४ सप्टेंबर, शनिवार

अजून काही नाही. टपालात गहाळ झाला असेल तर बरं. नाही, बरं कशाला! पोचू दे.

११ सप्टेंबर, शनिवार

आज पलीकडे सगळी तिसरी चिडीचूप लिहीत होती. आवाज नाही, काही नाही. हसतात तेव्हा मला त्रास होतो, गप्प असतात तेव्हा जास्त.

दुपारी चांगूच्या दप्तरात तिची शनिवारची वही बघितली. चोरून. राहीच्या आजीवर पान आहे. ओढ्यावर पान आहे. शेजारच्या म्हशीवर दीड पान! माझ्यावर एक ओळ नाही. चुका मात्र फार कमी. शुद्धलेखन माझ्या चौथीपेक्षा बरं, हेही लिहून ठेवते, कारण ही वही दुसरं कुणी वाचणार नाही.

२१ सप्टेंबर, मंगळवार

आबासाहेब आले. दिपोटी. न सांगता.

आधी तिसरीची परीक्षा घेतली. दहा शब्द घातले. माझी सगळी आशा त्या दहा शब्दांवर! राहीचे आठ बरोबर. चांगूचे दहाच्या दहा. साहेबांनी नुसतं "हं" केलं.

मग आम्हा तिघांना गुरुजींच्या खोलीत बसवून खिशातून कागद काढला. माझाच. मोठ्यानं वाचला. सगळा! मी खिडकीबाहेर बघत होते. गुरुजी म्हणाले, "निनावी आहे, फाडून टाका साहेब." साहेब म्हणाले, "फाडला असता. पण हे कुणी राजकारण करणारं माणूस नाही. ही कुणातरी पोरीची आई आहे. एका आईला इतका त्रास होत असेल तर मला विचार करावा लागेल. दिवाळीनंतर बाईंना दुसरीकडे देतो. शिक्षा समजू नका." सुप्याच्या बाजूला जागा रिकामी आहे म्हणे. माझ्याच मुलखात!

सकीनाबाईनं हात पुढे केला. कागद बघू का, म्हणाली. दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते. मला वाटलं आता रडेल. वर बघून म्हणाली, "साहेब, हा कागद मी ठेवू का?"

अक्षर ओळखलं का हिनं? नाही. डाव्या हाताचं कसं ओळखेल? पण ठेवायचा कशाला?

२२ सप्टेंबर, बुधवार

दिवाळीनंतर ती नाही. चांगू माझी. डबा नाही, सैल वेणी नाही, 'बाई म्हणाल्या' नाही.

लिहून बघितलं. वाटलं होतं तेवढं बरं वाटत नाही.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

चांगूला बदलीचं कळलं, कुणा आईच्या अर्जावरून झाली हेही. गुरुजींच्या मुलीनं सांगितलं. रडली नाही. माझ्याजवळ येऊन विचारलं, "आई, कुनाची आई गं ती? तिच्या घरी जाऊन सांगूया का, बाई चांगल्या हायेत म्हनून?" 'कुणाची' म्हण, एवढंच मला सुचलं बोलायला.

भाकरी करपली. दोघींनी तशीच खाल्ली.

२५ सप्टेंबर, शनिवार

आज डबा उघडलाच नाही. कुडापलीकडून सकीनाबाई म्हणाल्या, "आज एक कागद वाचते. लिहावं तर असं लिहावं." आणि मधल्या ओळी वाचल्या. बदलीचं, स्वतःचं काही नाही. भाकरीच्या, काळजाच्या तेवढ्या. हळू, एकेक शब्द माझ्या आईसारखा, जसा लिहिला तसा. माझा खडू फळ्यावर 'पाहु' पाशी थांबला.

"कुणी लिहिलं असेल हे?"

चांगूचा आवाज आला. केवढा मोठा! "बाई, माझ्या आईनं! रागावली की आई अशीच बोलती. काळजाला घरं पडत्यात असंच म्हनती. माझ्या आईनं लिहिलंय, बाई, माझ्या आईनं!"

पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मग सकीनाबाई म्हणाल्या, "मग वाजवा टाळ्या."

सगळ्या तिसरीनं वाजवल्या.