इन्स्पेक्टरचं घर आणि माझे आभार

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.२०

नवी वही. सुरुवात नोंदीनं व्हावी.

या घरात आजवर मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: स्वयंपाकघरातली फळी, १२० बाय २२ सेंटिमीटर (दादाच्या डोक्यावर पडली, पण दोष भिंतीचा, फळी अजून शाबूत आहे). बाथरूमच्या दाराची आपोआप लागणारी कडी (धाकट्या भावाची करंगळी, बोट तिथे ठेवायचं कारण नव्हतं). कपडे वाळत घालायची कप्पी, जिनं वहिनींना एकदा जमिनीपासून अर्धा मीटर वर नेलं. तीन पायांचं स्टूल. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे आईचा पलंग, पाठ वर-खाली होणारा, ट्रकच्या जुन्या सीटमधल्या दोन स्प्रिंगा लावलेला.

कोर्स नाही, गुरू नाही. पाहून, मोजून, तोडून शिकलो. अकरा माणसांच्या घरात किंमत शून्य.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.४०

आईचा जुना नियम. जेवायला बसण्याआधी प्रत्येकानं दिवसभरातल्या कुणाचे तरी आभार मानायचे. स्वतःचे चालत नाहीत. नुसतं 'देवाचे' म्हणून सुटता येत नाही. देवाचे आई सगळ्यांच्या वतीनं एकदाच मानते. आजचा निकाल: वहिनींनी गॅसवाल्याचे मानले, दादानं दातांच्या डॉक्टरांचे, हिनं पाण्याच्या टाकीचे. माझ्या सख्ख्या लेकीनं मांजरीचे, का, तर ती तिच्या पायांवर झोपली. (मांजरीला घरात गादी म्हणतात. तिनं आयुष्यात झोपण्यापलीकडे काही केलेलं नाही.) आईनं नेहमीप्रमाणे कोंबड्याचे.

माझे, कोणीही नाही. सलग ४१वा दिवस.

कोंबड्याचं प्रकरण लिहून ठेवतो, पुढे कोणी इतिहास बदलू नये म्हणून. आई कंबरेनं पाच आठवडे पडून होती. डॉक्टर म्हणत, आजार गेलाय, आता उठा. आई उठेना. २२ जानेवारीला सकाळी ६.०५ वाजता माझ्या पलंगाची पाठ आडवीची उभी झाली, साधारण पाऊण सेकंदात. आई थेट खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. उभी! खिडकीवर कुठून तरी आलेला एक तांबडा कोंबडा होता. तो आरवला. आईनं हात जोडले. देवानं पाठवला, म्हणाली. तेव्हापासून ती चालते, जिने चढते, कोंबडा तिच्या मागे.

पलंगाचं नाव कोणी काढत नाही. म्हणजे काढतात, पण वेगळ्या सुरात.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ९ (ऑफिसला उशीर)

कोंबड्याला पोरांनी इन्स्पेक्टर नाव ठेवलंय, कारण तो रोज सकाळी प्रत्येक खोलीत राउंड घेतो. आजच्या राउंडमधली हानी: धाकट्याची पोटरी, धाकट्याच्या बायकोचा गाउन, पेपरवाल्याचा अंगठा, गादीचा डावा कान. दादा दाढी करत असताना त्यानं मागून उडी मारून आपली टाचेवरची नखी त्याच्या पायात घुसवली. दोन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

दादानं पाय खुर्चीवर ठेवून जाहीर केलं की रविवार १६ तारखेपर्यंत बंदोबस्त झाला नाही, तर खाटिक. आई आत गेली, आपली कापडी पिशवी भरली, दाराला टेकवून ठेवली. मग एवढंच म्हणाली, "त्याला ज्या दिवशी न्याल, त्या दिवशी मलाही ताईकडे सोडा."

आई बोलल्याप्रमाणे करते. मी शांतपणे सांगितलं की मी इन्स्पेक्टरसाठी घर बांधतो. आपोआप बंद होणारं.

कोणी काही बोललं नाही. मी याला संमती धरतो. (हिचं म्हणणं, खाटकाकडे कमी रक्त सांडेल. दुर्लक्ष.)

निश्चय: १६ तारखेला संध्याकाळी आई माझे आभार मानेल. सगळ्यांसमोर.

६ मार्च, गुरुवार. दुपारी १.१५, स्टोअर

डिझाइन तयार. आत एक पट्टी. कोंबड्यानं तिच्यावर पाय ठेवला की पट्टी दबेल, दार खाली येईल. पट्टी नेमक्या वजनाला दबली पाहिजे. अंदाजपंचे काम मी करत नाही. वजनासाठी इन्स्पेक्टरला पिशवीत घालून कारखान्यात आणला. स्टोअरकीपर असल्यानं पंपांचे सुटे भाग तोलायचा काटा माझ्याच ताब्यात. पाच ग्रॅमचा फरकही दाखवतो.

वजन ३ किलो १४० ग्रॅम. नोंद घेतली. तेवढ्यात मॅनेजर आले.

त्यांनी विचारलं, काट्यावर काय आहे. मी उत्तर देण्याआधी इन्स्पेक्टरनं दिलं. मॅनेजर रॅकवर चढले. रॅक क्रमांक ४ कोसळला, वॉशर सगळीकडे. दोन हेल्पर धावून आले आणि त्याच वेगानं परत गेले. मी त्याला गोणपाट टाकून पकडला तेव्हा माझ्या कपाळावर तीन भोकं होती, एका रेषेत, सारख्या अंतरावर. अचूकता त्याच्यातही आहे हे मान्य.

मेमो मिळाला. त्यात 'पाळीव प्राणी' लिहिलंय. हा शब्द चुकीचा आहे हे मी तोंडी सांगितलं.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५

सांगाडा उभा. ९० बाय ९० बाय १२० सेंटिमीटर. जाळीची भोकं १२ मिलिमीटर. डाव्या अंगठ्यावर हातोडी चार वेळा. दोष हातोडीचा, दांडा सैल आहे (मीच बसवला होता, पण तो तात्पुरता).

९ मार्च, रविवार. सकाळी ११

आई एकटी बसली होती, इन्स्पेक्टर तिच्या पायाशी, गायीसारखा गरीब. संधी साधून विचारलं की २२ जानेवारीला तिला नेमकं कुणी उठवलं असं तिला वाटतं. पलंगाचा कोन, स्प्रिंगांचा जोर, सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "पलंगानं मला फेकलं रे. उभं यानं ठेवलं."

मी म्हटलं, फेकल्याशिवाय उभं कसं राहणार? तर म्हणाली, देवाचे हात दिसत नाहीत. मी माझे दाखवले. जखमांवर सात पट्ट्या. तिनं एकेक पट्टी नीट दाबून बसवली आणि विचारलं, थोडे दिवस आराम नाही का करता येणार?

आई हळवी झाली आहे. १६ तारीख पक्की.

११ मार्च, मंगळवार. सकाळी ७.५०

पहिली चाचणी. यशस्वी. फक्त इन्स्पेक्टरऐवजी आत गादी गेली. तिचं वजन चार किलोच्या वर, त्यामुळे पट्टी दबणारच. म्हणजे यंत्रणा बरोबर आहे. दार शेपटीवर आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा गादी पळताना दिसली. बाहेर पडली ती अंगणातून, खिडकीतून, सरळ दादाच्या तोंडावर. दादा पुन्हा दाढीच करत होता.

दादानं वस्तरा हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सांगितलं की दाढीची वेळ त्यानं बदलावी.

लेक बोलत नाही.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६

स्वयंपाकघरात युद्ध. गादीनं कानाचा आणि शेपटीचा सगळा राग इन्स्पेक्टरवर काढला. पिसं, केस, किंचाळ्या. वहिनी झाडू घेऊन मध्ये पडल्या. झाडू मला लागला, दोनदा. दुसऱ्यांदा नेम धरून होता असं माझं मत आहे. शेवटी माझी फळी पडली आणि दोघं पांगले. म्हणजे वाद फळीनं मिटवला. याची नोंद घरात कोणी घेतली नाही म्हणून इथे घेतो.

आजचे आभार: वहिनींनी झाडूचे.

१५ मार्च, शनिवार. दुपारी ४

दार हळू पडतं असा निष्कर्ष. मांजरीची शेपटी अडकली, याचा अर्थ मांजरीला वेळ मिळाला. उपाय: आईच्या पलंगाच्या दोन्ही स्प्रिंगा काढून दाराला लावल्या. (पलंग आता साधा झालाय. आई म्हणाली, छान झालं. का, ते कळलं नाही.) कडी बाहेरून, चार स्क्रूंनी पक्की, एकदा बसली की स्क्रू काढल्याशिवाय उघडणार नाही. इन्स्पेक्टरसारख्या प्राण्याला एवढी सुरक्षा हवीच. रोजच्या उघडझापीची सोय दुसऱ्या टप्प्यात.

दादानं विचारलं, आत माणूस अडकला तर? मी हसलो. म्हटलं, हे कोंबड्याचं घर आहे. माणूस आत जाईल कशाला?

आईची पिशवी दारापाशी तशीच आहे. आज तिनं त्यात चष्म्याचं घर टाकलं. उद्या ती रिकामी होईल, आणि कुणामुळे ते सगळे पाहतील.

१६ मार्च, रविवार. डाव्या हातानं लिहितोय.

वेळेनुसार लिहितो.

४.०० सगळे पुढच्या खोलीत. प्रात्यक्षिक पाच वाजता ठेवलं होतं.
४.०५ आत दाणे टाकायचे राहिले, लक्षात आलं. दाणे आतल्या कोपऱ्यात, पट्टीच्या पलीकडेच हवेत. हात पुरेना. वाकून आत गेलो.
४.०६ माझं वजन ७४ किलो. पट्टी दबली. दारानं वेग अपेक्षेपेक्षा चांगला दाखवला. कडी बसली, पक्की.
४.०६ हे लक्षात आलं की हातातले दाणे पाहून इन्स्पेक्टर माझ्या मागोमाग आत शिरला होता.

९० बाय ९० बाय १२०. माझी उंची १७०. कोंबड्यासाठी प्रशस्त.

पुढचं फार लिहीत नाही. त्यानं पाठीपासून सुरुवात केली. मी गुडघ्यांत डोकं घातलं तर कान. कान झाकले तर हात. मी त्याची मान धरली, त्यानं नख्यांनी मनगट फाडलं. मी दोनदा त्याला जाळीवर आपटला, त्यानं दोन्ही वेळा तुरा झटकून पुन्हा सुरुवात केली. तोंडात पिसं, शर्ट गेला, रक्त कुणाचं हे कळेना. मी ओरडलो. भरपूर ओरडलो. आतून सगळ्यांनी ऐकलं, हे नंतर समजलं. पण आमचं दोघांचं रोजचंच म्हणून कोणी उठलं नाही.

४.५० दादा आला. मी शांतपणे सूचना दिल्या: चार स्क्रू, आधी वरचा डावा, मग खालचा उजवा. दादानं विचारलं, स्क्रू ड्रायव्हर कुठाय? माझ्या खिशात. बाहेर द्यायचा प्रयत्न केला. जाळीची भोकं १२ मिलिमीटर, मूठ ३० मिलिमीटर.

दादा कुऱ्हाड घेऊन आला. मी मनाई केली. सांगितलं की सांध्यांना धक्का लागता कामा नये. त्याच क्षणी इन्स्पेक्टरनं भुवई फोडली. मी मनाई मागे घेतली.

दादानं एक घाव दारावर घातला. बाकीचे अकरा कशासाठी घातले ते त्यालाच माहीत. चेहऱ्यावर असं समाधान मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

इन्स्पेक्टर बाहेर आला, लटपटत आईकडे गेला, तिच्या मांडीवर बसला आणि झोपला. मला नऊ टाके.

७.३० आभार. दादानं कुऱ्हाडीचे. वहिनींनी डॉक्टरांचे. हिनं विम्याच्या एजंटचे. मग आईची पाळी. मी ताठ बसलो, म्हणजे जितकं बसता आलं तितकं. आईनं माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत पाणी, हात जोडले आणि म्हणाली, "इन्स्पेक्टरचे आभार. माझ्या पोराचे दोन्ही डोळे शाबूत ठेवले त्यानं."

सगळ्यांनी ताटं पुढे ओढली.

तरी नोंद: वाक्यात माझा उल्लेख आला. ५४ दिवसांत पहिल्यांदा.

१७ मार्च, सोमवार. दुपारी ४

रजा. पलंगावरून निरीक्षण: इन्स्पेक्टरनं आज राउंड घेतला. कुणालाही हात लावला नाही. धाकट्याच्या पोटरीवरून नुसता चालत गेला. गादीच्या शेजारी उन्हात बसला. मग माझ्या खोलीत येऊन फक्त मला फोडून गेला. दुपारी पुन्हा. पुन्हा फक्त मला.

दादानं घरच्यांना सांगितलं की बंदोबस्त झालेला आहे, खाटिक रद्द. आईनं पिशवी रिकामी केली, चष्म्याचं घर जागेवर ठेवलं. सगळे हसत होते. धाकट्याच्या बायकोनं गाणं म्हटलं.

म्हणजे योजना यशस्वी. घरातले हल्ले दहा माणसांवरून एकावर. घर सुरक्षित झालं, आणि इन्स्पेक्टरचं घर मी बांधलं होतं. आज संध्याकाळी हे कुणाच्या तरी लक्षात येईलच.

(संध्याकाळी: नाही आलं. ५५.)

१८ मार्च, मंगळवार. सकाळी १०.३०

वहिनी आल्या, मागे सगळे, दारात उभे. इन्स्पेक्टरही होता, पण आईनं त्याला काखेत धरला होता. वहिनींनी आवाज फार गोड लावला होता. भावजी, म्हणाल्या, आम्ही सगळ्यांनी विचार केला. तुमची हत्यारांची पेटी तुमच्या दादांच्या कपाटात जाईल, कायमची, किल्ली आईंकडे. त्याबदल्यात दहा जणांनी पाळी लावून घेतली आहे. रोज संध्याकाळी एक जण तुमचे आभार मानील. आजपासून. एकही दिवस चुकणार नाही, सणवार धरून. आणि वर हे. त्यांनी पाकीट पुढे केलं.

मी विचारलं, आभार कशाचे मानणार? वहिनींनी पाकीट माझ्या हातात ठेवलं. मग म्हणाल्या, काही न केल्याचे.

मी आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मायेनं.

पाच मिनिटं मागितली. पाकीट मोजून परत केलं. कारागिराला विकत घेता येत नाही, हे मी त्यांना बसूनच सांगितलं, कारण उभं राहता येत नव्हतं. शिवाय दुसऱ्या टप्प्याचं काम बाकी आहे.

ऑफर नाकारली. रक्कम: एक हजार पंच्याण्णव. माणशी शंभर ठरले होते. लेकीच्या चिल्लरीत पाच कमी भरले.

आईचे दोनशे होते.