लाल लोकरीची गाठ

ऑरहूस, ३ मार्च १९९८

चि. थोरकिल यास,

अनेक आशीर्वाद. रविवारची कॉफी आणि आईचा केक उत्तम. पुढे जे ऐकवलंस, त्याला मात्र माफी नाही. बाबांच्या स्तोत्रांची टेप लावलीस, आणि बाबा जणू शेजारच्या गोठ्यातून तोंडाला डबा लावून गात होते. खर्ज तर गायबच. बावीस वर्षं मी हीच यंत्रं विकतोय. साध्या विजेच्या वायरीला ड्रिलने पीळ घातला म्हणून ती स्पीकरची केबल होत नाही, राजा!

सोबत चांगली केबल पाठवतोय. किंमत विचारू नकोस. चौदा तारखेला आईला ऐंशी पूर्ण. सगळं प्रार्थनाघर घरी लोटणार, आणि तिला बाबांचा आवाज ऐकायचाय. तो तुझ्या दोरखंडातून येणार असेल, तर मी येणार नाही.

तुझा थोरला,
आस्गेर

लेमविग, ७ मार्च

प्रिय आस्गेर,

स. न. वि. वि. देवदयेने आई आणि मी दोघं ठीक. तुझी केबल पोहोचली. आईने चाचपून विचारलं, ही बोट बांधायची का. परत पाठवतोय.

दोष माझ्या वायरीत नव्हता. एका स्पीकरची दोन टोकं उलटी लागली होती. एक पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो, आणि खर्ज मरतो. हे बावीस वर्षांत तुझ्याही कानावर आलं असेल. पहिल्या ओळीलाच मला कळलं. पण रविवार होता, देवाचा विश्रांतीचा दिवस. बाबांनी हयात असेपर्यंत या घरात रविवारी कुणाला स्क्रूड्रायव्हर उचलू दिला नाही. त्यांचाच आवाज सुधारायला मी तो उचलणार?

शिवाय ही केबल आम्ही दोघांनी वळलीय. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं माझ्या ड्रिलमध्ये, मधे आईचा हात. दोन्ही तारा काळ्या, म्हणून अधिक (+) खुणेच्या टोकांना तिने लाल लोकर बांधली. तिच्या डोळ्यांचं तुला ठाऊक आहे; एक गाठ चुकीच्या तारेवर बसली. तुझ्या टोमण्यांपुढे तिचं नाव घेण्यापेक्षा मी नापास झालेला बरा. तिला यातलं अक्षर सांगू नकोस.

सोमवारी सकाळी दोन स्क्रू फिरवले. बाबा खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले.

चौदा तारखेला हीच केबल लागेल. तू ये अगर नको येऊस, तुझी खुर्ची मांडलेली असेल. लोभ आहेच, तो वायरीच्या जाडीवर मोजू नकोस.

तुझा,
थोरकिल

ऑरहूस, १६ मार्च

चि. थोरकिल यास,

अनेक आशीर्वाद. उशिरा आलो, दाराशीच उभा राहिलो. तू पाहिलंस आणि न पाहिल्यासारखं केलंस. दुसऱ्या कडव्याआधी बाबा श्वास घेतात, तोसुद्धा ऐकू आला. नंतर आईने मला जवळ ओढून सांगितलं की लाल लोकर तिने बांधलीय, म्हणून आवाज एवढा भरून येतो. मी हो म्हणालो.

दुकानात हे मी मेलो तरी कुणाला सांगणार नाही. पण माझ्या बैठकीच्या खोलीसाठी सहा मीटरची एक जोडी वळ. लोकर आईलाच बांधू दे. कुठलं टोक कुठलं, ते माझं मी पाहून घेईन.

तुझा,
आस्गेर