भोवऱ्याचा चेहरा

बफेलो,
ता. ९ फेब्रुवारी १९६५

चि. ज्यूल यास एस्टेलताईचे अ. उ. आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिले. आज ते द्यावेत असं वाटत नाही, पण आईने लावलेलं वळण मोडवत नाही.

तू माझ्या मुलाला मारलंस. काल नेहमीप्रमाणे लिप्सिट्झच्या गोळ्या-सिगारेटच्या दुकानात 'मेजर वादळ'चा नवा अंक आणायला गेले. पन्नाशी उलटलेली बाई पोरांचं चित्रांचं पुस्तक घेते म्हणून तो दरवेळी माझी थट्टा करतो. काल केली नाही. अंक पिशवीत घालून दिला आणि सांभाळून जा, बर्फ फार आहे, एवढंच म्हणाला. बसथांब्यावर उभ्या उभ्या मी शेवटचं पान उघडलं. मेजर वादळ ढिगाऱ्यातून बाहेर येतोय, त्याच्या हातांवर भोवरा, आणि वर लिहिलंय की भोवरा गेला, आता तो कधीच डोळे उघडणार नाही.  बस आली आणि गेली, मी तिथेच.

भोवरा कोण हे तुझ्या ऑफिसात कुणाला ठाऊक नसेल, तुला तर आहे. माझा मेल कोरियाच्या लढाईत बेपत्ता झाला, त्यानंतर दुसऱ्या वर्षी तू मेजर वादळला हा पोरगा जोडीला दिलास. चौदा वर्षांचा, मेलचं नाक, मेलची जिवणी, हसताना एक डोळा बारीक करणारा. फोन करून एवढंच म्हणालास की ताई, पुढच्या महिन्याचा अंक घे. तेव्हापासून महिन्यातून एकदा माझा मुलगा मला भेटतो. सरकारने तो मेला असं धरलं. धर्मगुरू म्हणाले, आता आपल्या ज्यू रीतीप्रमाणे सात दिवस बसून सुतक पाळा. बाप असून हॅरोल्डसुद्धा तेच म्हणाला. मी बसले नाही. प्रेत नाही, थडगं नाही, कशाला बसू? माझा मेल तिकडे गुंडांना लोळवतोय असं म्हणून मी हसायची. लोक मला वेडी म्हणत असतील. म्हणोत.

आणि चित्र तुझ्याच हातचं आहे. तुझी रेघ मी ओळखते. भिंतीवर कोळशाने रेघोट्या तू ओढायचास आणि मार मी खायची. हॅरोल्ड म्हणतो, ज्यूलला काही कारण असेल. मला एकही सुचत नाही.

सौ. रेनीला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ ठेवायचा की नाही ते उत्तर आल्यावर ठरवीन.

एस्टेल


ब्रुकलिन,
ता. १२ फेब्रुवारी १९६५

ती. ताईस ज्यूलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येईपर्यंत मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बहाणा वाटेल, पण आमच्याकडची रीतच तशी आहे. आधी चित्रं होतात, मग शब्द. लेखक फोनवर चार ओळींत गोष्ट सांगतो, मी पानं काढून देतो आणि माझ्या चित्रांवर तो नंतर बोलणी लिहितो. पानं एकदा दिली की मी पुढच्या अंकाला लागतो. छापलेलं पुस्तक मलाही तुमच्यासारखं दुकानातच दिसतं. पुढच्या गोष्टींत भोवरा नव्हता, तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याला एकदाचं शाळेत बसवलं असेल.

मॅलरी म्हणून नवा लेखक आलाय. त्याने सांगितलं होतं की इमारत कोसळते, मेजर भोवऱ्याला उचलून बाहेर आणतो, संपलं. मी दमून झोपलेला पोरगा काढला. त्या उन्हाळ्यात तलावावरून परतताना मेल गाडीत झोपून गेला होता आणि हॅरोल्डने त्याला तसंच उचलून घरात नेलं होतं, आठवतं? तोच काढला. मान हॅरोल्डच्या दंडावर, एक हात खाली लोंबता.

तुझं पत्र खिशात घालून तसाच ऑफिसात गेलो. मॅलरी पंचविशीचाही नसेल, टेबलावर पाय टाकून सँडविच खात होता. हे कुणी ठरवलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, अहो, मी वाचवणारच होतो त्याला, पण तुमचं पान समोर आलं आणि मला दुसरं काही सुचेचना. त्यात तो मेलेलाच होता, मी फक्त तसं लिहिलं. वर म्हणाला, इतकं खरं चित्र तुम्ही आजवर काढलं नव्हतं. त्याच्या कानाखाली द्यायला मी हात उचलला होता. तो न मारताच खाली कधी आला, मला कळलं नाही.

घरी येऊन मी ते पान पुन्हा पाहिलं. ताई, तो खोटं बोलत नाही. झोपलेलं पोर उचलणाऱ्याला थोडं तरी धरून राहतं. मी काढलेलं पोर धरत नाही. हे माझ्या मनात केव्हा शिरलं आणि हातात केव्हा उतरलं, देव जाणे. मी पार हादरून गेलोय.

रेनी म्हणते, फोन कर. पण मी हे पत्रच टाकतो. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा
ज्यूल


बफेलो,
ता. २६ फेब्रुवारी १९६५

चि. ज्यूल यास अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मी हॅरोल्डला वाचून दाखवलं आणि ते पान त्याच्यापुढे धरलं. त्याने ते नीट पाहिलं. मग उठला, कपाटातून चादर काढली आणि सुतकात टाकतात तशी दिवाणखान्यातल्या आरशावर टाकली. हा माझा नवरा, जो मला विचारल्याशिवाय खिडकी उघडत नाही.  त्याने कोटाची कड टरकन फाडली आणि बुटक्या स्टुलावर बसला. मला बस म्हणाला नाही. मीच बसले.

सात दिवस पाळले. शेजारची मिसेस पास्टर्नाक उकडलेली अंडी घेऊन आली, पण कोण गेलं हे विचारायची तिला पंचाईत. हॅरोल्डने सांगितलं, आमचा मेल. इतक्या वर्षांनी आत्ता, असं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं आणि माझा हात धरून बसली. लिप्सिट्झ दुकान बंद करून आला. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमले. मला वाटायचं, एकदा रडायला लागले तर थांबणार नाही. थांबले रे. नंतर चक्क भूक लागली.

तुझ्यावरचा राग निम्मा उरलाय. मॅलरीला आणखी काही बोलू नकोस, पोर आहे. टेबलावरचे पाय मात्र खाली घ्यायला लाव.

गेलेल्या निम्म्याच्या जागी लोभ भरून घे.

एस्टेल


ब्रुकलिन,
ता. २० मार्च १९६५

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, खुर्ची घे. आमचा संपादक क्रेमर हाय खाऊन बसलाय. भोवऱ्यासाठी मुलांची पत्रं पोत्यांनी येताहेत. एका मुलीने भोवऱ्याला बरं वाटावं म्हणून खोकल्याची गोळी चिकटवून पाठवली. आया फोन करून क्रेमरला खुनी म्हणतात. शेवटी त्याने काल मॅलरीला बोलावून फर्मावलं की भोवरा परत आण, कसा ते तुझं तू बघ. मॅलरी म्हणतो, सोपं आहे, ढिगाऱ्यातून निघाला तो शत्रूने केलेला हुबेहूब पुतळा होता. आमच्या धंद्यात मेलेला माणूस फार दिवस मेलेला राहत नाही.

मी ऑफिसातून घरापर्यंत पळत आलो. रेनीला वाटलं, कुठे आग लागली. ताई, तुझा मुलगा उन्हाळ्यात परत येतोय. या वेळी डोळ्यांत तेल घालून काढीन.

आता तरी पूर्ण लोभ द्यायला हरकत नाही.

ज्यूल


बफेलो,
ता. २४ मार्च १९६५

चि. ज्यूल यास अ. उ. आशीर्वाद.

खुर्ची घेतली होती म्हणून पडले नाही. तू इतक्या आनंदाने लिहिलंस, त्याचाच मला जास्त धक्का बसला.

त्याला परत आणू नकोस. हॅरोल्ड रोज सकाळी प्रार्थनाघरात जाऊन मेलच्या नावाने प्रार्थना म्हणतो आणि घरी येऊन पोटभर न्याहारी करतो. मेलची खोली आम्ही उघडली, खिडक्यांना पडदे केले. आता लिप्सिट्झच्या दुकानात मेल पुन्हा माझ्याकडे बघून हसला, तर मी पुन्हा दाराकडे कान लावून बसेन. तेवढं बळ आता माझ्यात नाही. तू माझ्यासाठी त्याला जगवलंस, ती तुझी माया. आता माझ्याचसाठी त्याला निजू दे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

तुझी
ताई


ब्रुकलिन,
ता. २ एप्रिल १९६५

ती. ताईस सा. न. वि. वि.

क्रेमरला मी सगळं सांगितलं. चेहरा कुणाचा, कुणासाठी, सगळं. त्याने जुना अंक काढून तो चेहरा पाहिला. मग म्हणाला, ज्यूल, मला फार वाईट वाटतं, पण भोवरा तुमचा नाही, कंपनीचा आहे. पुढच्या अंकात जाहिरातही छापून झालीय, तो येणारच.

नोकरी सोडतो, असं तोंडावर आलं होतं. पण मी सोडली तर दुसरा कुणी माझी जुनी पानं समोर ठेवून मेलचाच चेहरा गिरवणार. आमच्याकडे असंच करतात. म्हणून म्हटलं, मीच काढतो. रेनीला हे पटलं नाही, तुलाही पटणार नाही. अंक घे नाही तर घेऊ नकोस, मी विचारणार नाही.

तुझ्या लोभाला पात्र राहीन असं काम करायचा प्रयत्न करतो.

ज्यूल


बफेलो,
ता. १४ जुलै १९६५

चि. ज्यूल यास अनेक, अनेक आशीर्वाद.

अंक आल्याचा लिप्सिट्झचा फोन आला. हवा असेल तर ठेवतो, नको असेल तर परत पाठवतो, म्हणाला. मी दोन दिवस गेले नाही. आज सकाळी हॅरोल्डने न विचारता माझी टोपी आणून दिली आणि आम्ही दोघं गेलो. पान त्यानेच उघडलं, माझे डोळे मिटलेले होते. मग तो म्हणाला, एस्टेल, बघ, हा वेगळाच कोणी आहे.

खरंच वेगळा. कपडे तेच, उडी तीच, पण नाक नकटं, कान हे एवढाले, दात पुढे. लिप्सिट्झ म्हणाला, तुमच्या भावाचा हात बिघडला की काय. मी त्याला म्हटलं, तुम्ही गोळ्या विका. क्रेमरच्या हे लक्षात आलंच असेल आणि तरी त्याने जाऊ दिलं. त्याला माझा नमस्कार सांग.

मेजर वादळ त्याला बघून गुडघ्यांवर बसतो ना, तिथे मी थांबले. तो पोरगा माझा नाही, ज्यूल, पण कुणाचा तरी असेलच. कुणा बाईचा मुलगा घरी परत आला. मला फार, फार बरं वाटलं, आणि असं वाटू शकतं याने मी अजून थक्क आहे.

तुझी
ताई