गोळीचाच रंग

दि. १४, मंगळवार

ती. ताई,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक. रंगाच्या कारखान्यात घाई आहे, सुताच्या लडी वाळत घालायला दोऱ्या पुरत नाहीत. आई तुझी आठवण काढते.

मागच्या पत्रात लिहिलं होतं, आईच्या क्षयाला औषध लागू पडतंय. खोकला खरंच कमी झाला. चार औषधं एकाच गोळीत. वजनाप्रमाणे ठरवून दिलेल्या गोळ्या रोज सकाळी अनशापोटी. एक दिवस चुकवला नाही मी. नर्सबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, लघवी नारंगी होईल, घाबरू नका. आई हसली, "घरात एक रंगारी होता, आता दोन झाले!"

तेवढंच ऐकून आलो. बाकीचं त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. तो मी घडी करून गोळ्यांच्या डब्याखाली ठेवला.

गेल्या आठवड्यात आईचं जेवण तुटलं. उलट्या. "आज नको रे, मळमळतंय," म्हणाली. मी म्हटलं, "अर्धवट सोडायचं नाही, आ कर." शुक्रवारी लघवी काळ्या चहासारखी झाली. तिने मला हाक मारून दाखवली. "गोळीचाच रंग," मी म्हणालो. शनिवारी डोळे पिवळे दिसले. तेव्हाही तेच म्हणालो. वीस वर्षं रंग जुळवतोय ग मी, एका छटेचा फरक लांबून ओळखतो. लोक मला विचारायला येतात.

काल नर्सबाई घरी आल्या. आईचे डोळे बघताच त्यांनी रिक्षा बोलावली. यकृताला सूज आहे. डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं, सगळ्या गोळ्या थांबवल्या. सूज उतरली तर एकेक औषध पुन्हा सुरू करतील. घरी येऊन कागद उघडला. मोठ्या अक्षरात लिहिलंय : भूक मेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे झाले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी या.

रात्री तुझा फोन आला तेव्हा "सगळं ठीक" म्हणालो. तोंडाने सांगवलं नाही. कारखान्याचा ट्रक तुझ्याच गावी निघालाय, चालकाच्या हाती हे देतोय. त्याच ट्रकने परत ये.

इथे दवाखान्यात आई सारखी झोपेत असते. मघाशी डोळे उघडून म्हणाली, "आजची गोळी राहिली रे," आणि आ केला.

रोज न चुकता गोळी देणारा,
तुझा धाकटा